नाताळची सुट्टी, वेल्सचे डोंगर आणि लपवलेल्या डब्या : अनुभव धागा

नाताळच्या दिवशी वेल्समध्ये रेल्वे धावत नाही, बस जवळजवळ नसतातच, आणि दुपारचे चार वाजले की अंधार पडू लागतो. इथे नव्याने आलेल्या मराठी घरांना हे आठ-दहा दिवस फार लांब वाटतात, हे मी माझ्या पहिल्या वर्षावरून सांगू शकते. दिवाळी होऊन गेलेली असते, शेजारीपाजारी आपापल्या माणसांत असतात आणि खिडकीबाहेर पाऊस थांबत नाही. अशाच एका सुट्टीत एका सहकाऱ्याने आम्हाला जिओकॅशिंग शिकवले आणि तेव्हापासून गेली नऊ वर्षे आमची नाताळची सुट्टी रानातच जाते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रालाही काही मीटरांपर्यंत जागा नेमकी दाखवता येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक बादली झाडीत ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज तोच खेळ जगभर चालतो. कोणीतरी डबी लपवतो, बाकीच्यांनी ती शोधायची, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशीच परत ठेवायची. त्या डबीला सगळे ‘कॅश’ म्हणतात.

या धाग्यात मला एवढेच विचारायचे आहे की नाताळच्या दिवसांत अशा एखाद्या डबीने आपल्याला वेल्सचा कोणता कोपरा दाखवला, जो एरवी आपण पाहिला नसता. नेमकी लपवण्याची जागा मात्र कृपया लिहू नये, कारण ती शोधण्याचा आनंद पुढच्या माणसाचा आहे. डबी सापडली नसेल तरी अवश्य लिहावे.

सुरुवात मीच करते, आणि न सापडलेल्या डबीपासून करते. २७ डिसेंबरला आम्ही बानाय ब्रखायनिओगमध्ये, म्हणजे ज्याला पुष्कळजण अजून ब्रेकन बीकन्स म्हणतात त्या डोंगरांत, उत्तरेकडून कूम ल्लूखच्या तळ्यावरून चढत होतो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तळ्याच्या वरच्या धारेवर एक दगडी स्तंभ आहे. त्यावरचा मजकूर तिने अक्षर लावत वाचला आणि मग तो कोणाचा म्हणून विचारले. ऑगस्ट १९०० मध्ये टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा आजी-आजोबांच्या शेतावर जाताना संध्याकाळी वाट चुकला. माणसे दऱ्याखोऱ्यांत त्याला शोधत राहिली आणि २९ दिवसांनी तो या धारेवर मृतावस्थेत सापडला. इतके लहान मूल इतक्या उंच कसे चढले असेल, हे कोणालाच सांगता आले नाही. आमची डबी तिथून फार तर अर्ध्या तासाच्या वाटेवर होती, पण दोनच्या सुमाराला पेन-अ-वानचे शिखर ढगात दिसेनासे झाले आणि आम्ही माघारी वळलो. त्या दिवशीची आमची नोंद ‘सापडली नाही’ अशी आहे, आणि ती बदलण्यासाठी पुन्हा तिथे जाण्याची मला कधी घाई झाली नाही. मुलीने मात्र त्या रात्री जेवताना टॉमीच्या आईचे नाव काय होते, असे विचारले.

ॲबरगॅव्हेनीहून

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, सातारा जिल्ह्यात मोजणी खात्यात नोकरीला होते. सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे आले होते, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत घरात बसून इतके कंटाळले होते की परतीचे तिकीट अलीकडे घेता येईल का, असे दोनदा विचारून झाले होते. २६ डिसेंबरला पाऊस उघडला, तेव्हा मुलांनी त्यांना शुगर लोफवर नेण्याचा हट्ट धरला. हा डोंगर ५९६ मीटर उंच आहे, वाट रुंद आणि गवताची आहे, आणि ७१ वर्षांच्या नानांना ती आमच्यापेक्षा सोपी गेली.

माथ्यावर एक पांढरा चौकोनी खांब आहे. मुलांना तो पाठ टेकून फोटो काढण्यापुरता ठाऊक होता. नानांनी मात्र हातमोजा काढला आणि खांबाच्या डोक्यावर बसवलेल्या पितळी तबकडीवरून बोट फिरवले. तीत मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तीन खाचा आहेत, आणि मोजणीचे यंत्र दर वेळी नेमके त्याच बिंदूवर बसावे म्हणून त्या केलेल्या असतात. खांबाच्या एका अंगाला धातूची पट्टी असून तिच्यावर क्रमांक कोरलेला आहे. तो नानांनी खिशातल्या डायरीत उतरवून घेतला. ब्रिटनचे नकाशे करणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने १९३६ पासून असे हजारो खांब डोंगरमाथ्यांवर उभारले, हे मला माहीत होते. पण ‘हा आपल्या हद्दीच्या दगडाचा थोरला भाऊ आहे’ असे सांगत त्यांनी मुलांना त्रिकोण, पाया आणि कोन ज्या पद्धतीने समजावले, तसे मला कोणी शाळेत शिकवले नव्हते.

डबी उतरणीवरच्या झाडीत होती. फोनवरचा बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरत होता, कारण झाडांखाली आणि कड्यांजवळ उपग्रहांचे संकेत अडतात, वळतात. मुले बाणामागे धावत राहिली. नाना एका जागी उभे राहिले आणि म्हणाले, “यंत्र आपल्याला वावरापर्यंत आणून सोडतं, बांध आपणच शोधायचा असतो.” मग त्यांनी एका ओकच्या बुंध्याकडे काठी केली. तिथे पाच-सहा काटक्या एकमेकींना समांतर टेकवलेल्या होत्या, आणि वाऱ्याने पडलेल्या काटक्या अशा कधी पडत नाहीत. त्यांच्यामागे हिरव्या-तपकिरी चिकटपट्टीत गुंडाळलेला, चारही बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा डबा होता. झाकण उघडल्यावर ओलसर कागदाचा वास आला. आत एक लहानसा डायनोसॉर, दोन गोट्या, बोथट पेन्सिल आणि पिशवीत घातलेली वही होती. नानांनी देवनागरीत पूर्ण नाव लिहिले, त्याखाली गावाचे नाव लिहिले, आणि तारखेपुढे ‘वेळ १ वाजून ४० मिनिटे’ अशी नोंद केली, जशी ते आयुष्यभर टिपणावर करत आले असतील.

माथ्यावरून पश्चिमेला अस्क नदीचे खोरे दिसते आणि त्यात क्रिकहॉवेल हे गाव आहे. त्या गावालगत ग्वेर्नवेल नावाची जागा आहे, जी एकेकाळी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या घराण्याची होती. एव्हरेस्ट यांचा जन्म तिथलाच की नाही याबद्दल मतभेद आहेत. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटन यांनी सुरू केलेले हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्यांनी पुढे नेले आणि जे १८३० ते १८४३ या काळात हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल होते, तेच हे एव्हरेस्ट. मी हे सांगितल्यावर नाना बराच वेळ त्या खोऱ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्हाला तिथे जावेच लागले. रस्त्याकडेला नवाश्मयुगातली एक दगडी समाधीही आहे, तिच्यापाशी थांबून नानांनी त्या घराला नमस्कार केला. तिकीट बदलण्याचा विषय नंतर निघाला नाही.

कारमार्थनशरहून

मी शोधणाऱ्यांपैकी नाही, लपवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. टावी नदीच्या खोऱ्यात बेथलेहेम नावाचे खेडे आहे. नावामुळे डिसेंबरमध्ये लोक मुद्दाम येऊन नाताळची शुभेच्छापत्रे इथून पाठवतात, अशी अनेक वर्षांची प्रथा आहे. पत्रे टाकून ते निघून जातात आणि गावाच्या डोक्यावरच्या गार्न गोखकडे पाहतही नाहीत, याचे मला फार वाईट वाटत असे. हा लोहयुगातला किल्ला वेल्समधल्या सर्वांत मोठ्या डोंगरी किल्ल्यांपैकी एक आहे. नावातल्या गोखचा अर्थ लाल. तटाचे दगड आता ढासळून पसरले आहेत, तरी प्रवेशाची जागा ओळखता येते, आणि सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला कुठे थांबायचे ते कोणी सांगावे लागत नाही.

पुरातन वास्तूच्या दगडांत काही लपवणे मला कधीच मान्य झाले नसते. म्हणून मी खालच्या शेतकऱ्याकडे जाऊन त्याच्या कुंपणालगतच्या पायवाटेवर डबी ठेवण्याची परवानगी मागितली. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते, तेही मोजून घेतले. शेतकऱ्याने दोन अटी घातल्या. फाटक जसे दिसेल तसेच सोडायचे, आणि त्याच्या कोरड्या दगडी भिंतीतला एकही दगड हलवायचा नाही. या भिंती चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचतात. एक दगड सुटला की मागचे चार हलतात आणि त्या भगदाडातून मेंढ्या शेजारच्या रानात जातात. शोधायला येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण गेल्या नाताळात कोणीतरी तिथे भिंत उसकटली होती आणि दोन जानेवारीला मी व माझ्या मुलाने शेतकऱ्याच्या हाताखाली उभे राहून ती पुन्हा रचली.

दर वर्षी २४ तारखेला मी वर जाऊन डबी उघडतो. वेल्सच्या हवेत झाकणाच्या रबरातून ओल शिरतेच, मग वहीची पाने एकमेकांना चिकटतात आणि पेन त्यांवर उमटत नाही. म्हणून पेन्सिलच ठेवतो, वही बदलतो, जुनी घरी आणून गॅसच्या हीटरजवळ वाळवतो. उतरताना शेतकऱ्याच्या घरी शंकरपाळ्यांचा डबा देतो. त्याची म्हातारी आई दारात येऊन ‘नादोलिग ल्लावेन’, म्हणजे नाताळच्या शुभेच्छा, असे म्हणते आणि रिकामा डबा कधीच परत करत नाही; त्यात वेल्श केक असतात.

(आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. आम्हीही पूर्वी भिंतींच्या फटींत बोटे घालून पाहत असू. – धागाकर्ती)

स्वानसीहून

रॉसिलीच्या वाळूवर ‘हेल्वेशिया’ या जहाजाच्या लाकडी फासळ्या उभ्या आहेत. १ नोव्हेंबर १८८७ ला ते तिथे रुतले. त्या किनाऱ्यापलीकडे वर्म्स हेड नावाची खडकांची लांब सोंड समुद्रात गेली आहे. ज्या कॅशमध्ये डबी नसते आणि खडकांचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात, तसल्या एकीसाठी आम्ही २९ डिसेंबरला गेलो होतो. चुनखडीचे थर कोणत्या दिशेला कलले आहेत, ते पाहायचे होते.

सोंडेपर्यंतची खडकाळ वाट ओहोटीच्या आधी आणि नंतर सुमारे अडीच तासच उघडी असते. आम्ही वेळापत्रक पाहिले होते, पण दिवस किती लहान आहे ते त्यात मिळवले नव्हते. ओल्या, टोकदार खडकांवरून पत्नीला चालायला अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि परतताना शेवटच्या टप्प्यावर पाणी बुटांना लागू लागले. काही झाले नाही. तरी हिवाळ्यात तिथे जाणाऱ्याने उशिरातला उशिरा परतीचा क्षण आधी ठरवावा, कॅश नंतर पाहावी. अडकलेच तर पोहून येण्याचा विचारही करू नये, पुढच्या ओहोटीपर्यंत वरच थांबावे आणि ९९९ वर तटरक्षकांना कळवावे.

कॉन्वीहून

ब्रिटनमध्ये जुन्या चर्चजवळ लपवलेल्या डब्यांची एक मोठी मालिकाच आहे. तिच्यामुळे आम्ही ल्लानगेर्निउ या खेड्यात पोहोचलो. संत दिगाइन यांच्या चर्चच्या आवारात यू जातीचा एक वृक्ष आहे, ज्याचे वय ४००० वर्षांहून अधिक असावे असा अंदाज सांगतात. खोड मधोमध दुभंगून त्याचे अनेक भाग झाले आहेत, आणि पूर्वी त्या पोकळीत चर्चची तेलाची टाकी ठेवलेली होती! आवारातल्या जुन्या कोरीव तारखांचे अंक मिळवून पुढचे अक्षांश काढायचे होते. मुलाने एक बेरीज चुकवली, त्यामुळे आम्ही गावाबाहेरच्या भलत्याच शेतात गेलो आणि परत झाडाखाली आलो. त्या निमित्ताने दुसऱ्यांदा त्याच्या पोकळीत उभे राहायला मिळाले. आत पाऊस लागत नाही.

ॲबरिस्टविथहून

मी येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो, त्या पहिल्या डिसेंबरात वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर मी एकटाच उरलो होतो. २५ तारखेला सकाळी घरी फोन झाला, आई रडली, मग मीही. त्यानंतर खोलीत बसवेना म्हणून किनाऱ्यावरून चालत कॉन्स्टिट्यूशन हिलच्या पायथ्याशी आलो. तिथल्या कठड्याला पायाने ठोकर मारून परतायची इथली जुनी रीत आहे. ती मारली, आणि परतण्याऐवजी डोंगर चढून क्लारखच्या दिशेने निघालो, कारण फोनवर त्या वाटेवर एक डबी दाखवत होती.

ती मला पंधरा मिनिटांत सापडली. वहीत माझ्या आधीची नोंद त्याच सकाळची होती. त्या व्यक्तीने वेल्शमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या, ज्या मी फोटो काढून नंतर एका प्राध्यापकांकडून समजून घेतल्या. या वर्षी आपण एकटे आहोत आणि जो कोणी हे वाचेल त्याला नाताळच्या शुभेच्छा, असे त्यात होते. मी त्याखाली मराठीत उत्तर लिहिले.

पुढच्या वर्षी मी एक ट्रॅव्हल बग घेतला, म्हणजे क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला, जो सापडेल त्याने पुढच्या डबीत नेऊन ठेवायचा असतो. त्याला आईने पाठवलेली, आमच्या देव्हाऱ्यातली लहान पितळी घंटा बांधली आणि २५ डिसेंबरलाच त्या डबीत ठेवली. ती आधी मचन्खलेथला गेली, मग कोणीतरी तिला जहाजाने आयर्लंडला नेले, आणि पुढे आठ महिने तिचा पत्ता नव्हता. गेल्या आठवड्यात नॉर्वेतून नोंद आली. एका आजीबाईंनी लिहिले आहे की बर्फातून डबी उकरून काढली, नातवाने घंटा तीनदा वाजवली, आणि मग ती पुन्हा पिशवीत घालून ठेवली.