लोकर-सुती लडीवर मंजिष्ठा एकसारखी चढली नाही

दोन_सुया:
नातवाच्या स्वेटरसाठी निम्मी लोकर, निम्मं सूत अशी 200 ग्रॅमची पांढरी लडी आणली. पुण्यात निव्वळ लोकर पोरगं अंगावर ठेवत नाही. रिठ्याच्या पाण्यात धुतली, 30 ग्रॅम तुरटीत तासभर गरम केली, मग मंजिष्ठेत, म्हणजे त्या मुळीच्या लाल रंगात, सोडली. ओली होती तोवर अशी विटकरी लाल, की दृष्ट काढावी! वाळल्यावर बघते तर लोकर लाल आणि सूत फिकट गुलाबी. दोऱ्याचा पीळ उलगडला की दोन्ही वेगळे दिसतात. मेंदी लावून महिना झालेलं माझं डोकं आणि ही लडी, सारखंच ध्यान. अजून 100 ग्रॅम पूड आहे. पुन्हा घालू का?

हिरडा_बेहडा:
ताई, पूड राखून ठेवा. नुसती मंजिष्ठा वाढवलीत तर लोकरच आणखी गडद होईल. रंग धरून ठेवते ती तुरटी; लोकर ती सहज धरते, सुताला आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यातला तुरट पदार्थ, लागतं. 40 ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून गाळा, लडी रात्रभर बुडवा, पिळा आणि न धुता तुरटीत घाला. मग मंजिष्ठा. हिरड्याची पिवळसर झाक येईल, लाल जरा केशरीकडे झुकेल. भांडं स्टीलचंच घ्या, लोखंड लागलं की हिरडा काळा पडतो.

मफलरवाला:
सूत स्वच्छ करायला धुण्याच्या सोड्यात उकळा, असं कुणीतरी सांगेलच. नुसत्या सुताला ठीक आहे, यात लोकर आहे. माझा मफलर असाच गेला: आधी बुळबुळीत, मग ताणला की तुटायचा. आणि मंजिष्ठा उकळली नाहीत ना? वाफ निघू दे, बुडबुडे नकोत. उकळली की तपकिरी होऊ शकते.

दोन_सुया:
उकळली होती, कबूल. भाजी टाकली होती त्याच वेळी, लक्ष कुठे राहतंय!

सगळी लडी न घालता आधी 10 ग्रॅमचा तुकडा केला. हिरडा 2 ग्रॅम, तुरटी दीड, नातवाच्या औषधाच्या चमच्याने अंदाजाने. सूत अजून लोकरीहून फिकं आहे, पण आता फरक शोधावा लागतो. सुनेला मात्र पहिलीच लडी आवडली, "आई, असं मुद्दाम करून विकतात!" तिला मोज्यांपुरता 50 ग्रॅम काढून दिला. उरलेली रात्रीपासून हिरड्यात आहे.




हिरडा_बेहडा:
पिळताना चोळू नका. लोकर आहे, तंतू गुंतून नमदा होईल.