शेकरूएवढं हिरवट माकड कोणतं?

तेरेखोल: गॅबनमध्ये मकोकूजवळ लाकडाच्या कामावर आलोय. सकाळी नदीकाठी माकडांचा मोठा कळप दिसला. पाठ पिवळसर हिरवी, पोट पांढुरकं, अंग आपल्या शेकरूएवढं. पिल्लं असतील म्हणावं, तर एकीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं! कोणतं माकड हे?

इविंदोकाठ: टालापॉइन. पूर्ण वाढलेलंच आहे ते. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांत सगळ्यात लहान. नर जेमतेम दीड किलोचा. नऊ वर्षं झाली इथे, तरी त्यांना बघायला मी अजून पहाटे उठतो. रात्री पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर झोपतात. धोका वाटला की सरळ पाण्यात उडी, बुडी मारून लांब निघतात. एकदा एक मादी माझ्या होडीजवळच वर आली. केस अंगाला चप्प बसलेले, आणि पिल्लू तसंच पोटाला घट्ट.

मालवणी_माय: बापरे! खातात काय ती?

इविंदोकाठ: फळं, किडे, कोळी. आणि ताई, कसावा! ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो, तोच. इथल्या बायका त्यातलं विष जावं म्हणून तो काही दिवस ओढ्यात भिजत घालतात, आणि टालापॉइन तिथेच डल्ला मारतात. म्हणून गावाजवळचे कळप मोठे, शंभराच्याही वर जातात. शेजारच्या मावशी टोपलीवर दगड ठेवतात, तरी कंद कुरतडलेले निघतात.

तेरेखोल, उद्या गेलात तर होडीचं इंजिन लांबच बंद करा. वल्ह्यानं जा.