मदत हवी आहे: केशरी जास्वंद गुलाबी का झाली??

मनवा_आर
लवकर सांगा प्लीज. जास्वंद घेतली तेव्हा मस्त केशरी फुलं होती, मध्ये लाल डोळा, आता त्याच फांदीवर फिकट गुलाबी येतायत, कडेला नुसती पिवळट झाक. पाणी घालते, खत घालते, खिडकीत ठेवलीय, अजून काय करायचं? नर्सरीवाल्याने फसवलं का?

बागवान_काका
ऊन किती तास? खत कुठलं? कुंडी केवढी? नुसतं 'खिडकीत' म्हणून काय कळणार.

झणझणीत
कुंडीत तुरटीचा खडा टाका. मावशीने टाकला होता, फुलं निळी झाली.

बागवान_काका
ते हायड्रेंजिया असणार! आम्ल मातीत त्याला ॲल्युमिनियम मिळतं म्हणून निळं होतं. जास्वंदीला तुरटी घालून मुळांची वाट लावू नका.

देवगडकर
एवढं कशाला, सरळ गच्चीत नेऊन ठेवा. आमची वर्षभर बाहेरच असते.

मनवा_आर
गच्ची?? अमेरिकेत मिनियापोलिसला आहे मी, बाहेर उणे १८ आहे. ऑक्टोबरात आत घेतली.

देवगडकर
मग हे आधी सांगायचं ना बाई!

पानफूल
कलमी आहे का? कलमाच्या खालून फुटवा आला तर फुलं वेगळीच येतात, तो कापून टाका.

बागवान_काका
'त्याच फांदीवर' लिहिलंय वर. वाचा की.

शेवंता_७
नर्सरीवाल्याचा दोष नाही गं. केशरी रंगात दोन रंगद्रव्यं असतात, पिवळं-नारिंगी कॅरोटिनॉइड आणि लाल-गुलाबी अँथोसायनिन. उन्हाळ्यात कडक ऊन आणि उष्णता असते तेव्हा पिवळं वरचढ. थंडीत उलटं, अँथोसायनिन टिकतं आणि पिवळं मागे पडतं, म्हणून तुझं गुलाबी दिसतंय. त्यात जानेवारीत तुमच्याकडे दिवस जेमतेम ९ तासांचा. खिडकी कुठल्या दिशेला आहे? रात्री काचेजवळ किती थंड होतं?

मनवा_आर
पूर्वेला. हीटर २०ला असतो पण काचेला हात लावला तर बर्फ. म्हणजे आपोआप परत केशरी होईल?

शेवंता_७
उन्हाळ्यात बाहेर गेली की होईल. तोवर काचेपासून लांब घे आणि वरून ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) लाव. रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर गेल्यावरच बाहेर काढ.

बागवान_काका
आणि 'फुलांचं खत' म्हणून फॉस्फरसवालं घालत असाल तर बंद करा, जास्वंदीला ते सोसत नाही. पोटॅश हवं.

कुंदा_मावशी
आमच्याकडे एक आहे, सकाळी पांढरी आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी होते. कोणी काही करत नाही तिला.

शेवंता_७
ती वेगळी जात मावशी, हिबिस्कस म्युटाबिलिस. थंडीत तिचा रंग उशिरा चढतो.

केसाळ_गणू
पानं वाया घालवू नका, तेलात उकळा, केसांना लावा.

बागवान_काका
केसांचं कोणी विचारलंय?

मनवा_आर
थँक्यू शेवंता, लाइट मागवते. अजून एक, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं आहे आणि खालची फरशी चिकट झालीय, तेही थंडीनेच का?

पानफूल
थंडीने नाही, मिलीबग कीड आहे ती! आजच स्पिरिटच्या बोळ्याने पूस, आणि बाकीच्या कुंड्या लांब हलव.