मदत हवी आहे : कूर्चेच्या पेशी कोलॅजेन बनवतात, पण कूर्चेचं नाही

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष. बोकडाच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी वाढवते. सकाळी साडेसहाला खाटकाकडून अख्खा सांधा आणायचा, ब्लेडने कूर्चेचे पातळ काप काढायचे, कोलॅजेन (कूर्चेतलं धाग्यांसारखं प्रथिन) तोडून पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजेनेज या विकरात रात्रभर ठेवायचे. काप शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखे दिसतात, पांढरे, जरा निळसर. इथपर्यंत सगळं नीट होतं.

पहिले चार-पाच दिवस पेशी बहुकोनी असतात, फरशा बसवल्यासारख्या. पुढे लांबट व्हायला लागतात आणि तिसऱ्या पॅसेजला, म्हणजे तिसऱ्यांदा नव्या भांड्यात हलवल्यावर, तर सगळ्या चातीसारख्या, एकाच दिशेला तोंड करून पसरलेल्या.

सिरियस रेड या रंगाने एकूण कोलॅजेन मोजते. आकडा दर पॅसेजला चढतोय, सर खूश आहेत. पण गेल्या आठवड्यात अँटिबॉडी लावून पाहिलं तर टाइप २ जवळपास दिसतच नाही, टाइप १ मात्र भरपूर. सांध्याच्या कूर्चेतलं ९० टक्क्यांहून जास्त कोलॅजेन टाइप २ असतं. टाइप १ तर कातडीचं, हाडाचं, कंडरेचं. म्हणजे दीड वर्ष मी चढता आकडा बघत होते आणि पेशी कूर्चा बनवायचं केव्हाच विसरल्या होत्या. रात्री झोप लागत नाहीये.

वाचन केलंय. पेशीचा आकार बदलतो तसा कोलॅजेनचा प्रकारही बदलतो, हे १९७७ पासून माहीत आहे. बेन्या आणि शाफर यांनी १९८२ मध्ये अशाच बिघडलेल्या पेशी अ‍ॅगारोजच्या जेलमध्ये ठेवल्यावर त्या पुन्हा गोल होऊन टाइप २ बनवू लागल्याचं दाखवलं. मला विचारायचंय ते असं, की तिसऱ्या पॅसेजच्या पेशी खरंच परत येतात का? आणि कमी खर्चात काय करता येईल? मीडियम (पेशींचं द्रव खाद्य) डीएमईएम, त्यात १० टक्के सीरम. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड बाटली उघडतानाच घालून ठेवते, एक बाटली तीनेक आठवडे पुरते.

प्रतिसाद

आधी ती बाटली टाकून द्या. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड मीडियममध्ये टिकत नाही, ३७ अंशांना तर एका दिवसात बहुतेक संपतं. ते नसलं की कोलॅजेनमधल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल बसत नाही, तीन पदरांचा पीळ पक्का होत नाही आणि कोलॅजेन पेशीबाहेर नीट पडत नाही. त्याचं फॉस्फेट रूप घ्या, मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम. ते टिकतं.

पण ताई, त्याने प्रमाण सुधारेल, प्रकार नाही. प्रकारासाठी पेशी गोल व्हायला हवी. अल्जिनेट (समुद्री शेवाळातला जेल होणारा पदार्थ) स्वस्त पडतं : १.२ टक्के द्रावणात पेशी मिसळून सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे, मणी तयार होतात. पेशी परत काढायच्या तर सोडियम सायट्रेटने मणी विरघळतात. नाहीतर पेलेट करा, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींचा गोळा. अडीच लाख पेशी, १५ मिलीची नळी, ५०० जीला ५ मिनिटं. सीरम बंद, त्याऐवजी आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम) आणि टीजीएफ-बीटा हा वाढघटक. टीजीएफ महाग आहे, पण पेलेटला अर्धा मिलीच मीडियम लागतं. तीन आठवडे ठेवा, मगच निकाल बघा.

तिसऱ्या पॅसेजच्या पेशी येतात परत, पण पूर्ण येतीलच असं नाही. गोठवलेल्या जुन्या नळ्यांत पहिल्या पॅसेजच्या असतील तर त्या काढा. आणि एकूण कोलॅजेनच्या आकड्याशेजारी टाइप २ आणि टाइप १ च्या जनुकांचं गुणोत्तर लिहायला लागा. सरांनाही तेच दाखवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार! द्रव नायट्रोजनमध्ये पहिल्या पॅसेजच्या दोन नळ्या सापडल्या. त्या वाढवून आज सहा पेलेट लावले. अल्जिनेट सोमवारी. एकच शंका, पेशी नळीच्या तळाला पातळ थर होऊन चिकटल्यात. टिचकी मारून सोडवू का?

प्रतिसाद

अजिबात नको. झाकण अर्धा आटा सैल ठेवा आणि २४ तास नळीला हात लावू नका. थर आपोआप आकसून गोळा होतो. उद्या संध्याकाळी बघा.