बंद रेल्वेलाईनवर सायकल आणि चालायचा रस्ता: रूळ उचलले की झालं का?

चाकोरीबाहेर:
मंडळी, सध्या जुन्या बंद रेल्वेलाईनींवर केलेल्या सायकल ट्रॅकचे व्हिडिओ बघायचं वेडच लागलंय, स्पेन, न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका सगळीकडचे, आणि प्रत्येक वेळी वाटतं की हे एवढं सोपं आहे तर जिथे जिथे लाईन बंद पडते तिथे का करत नाहीत? चढ नाही, पूल तयार, बोगदे तयार, गाड्यांची कटकट नाही. रूळ उचलायचे, वर डांबर टाकायचं, संपलं. की माझं काही सुटतंय? आणि दुसरं म्हणजे सायकलवाले आणि चालणारे एकाच पट्ट्यावर खरंच सुखाने नांदतात, की ते व्हिडिओपुरतंच? नीट लिहा, नुसत्या लिंका टाकू नका प्लीज.

गिट्टीवाला:
रूळ उचलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. लोखंडाला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे ते न्यायला माणसं आपणहून येतात. खरी मजा त्यानंतर.

चढाचं तुमचं बरोबर आहे, मेन लाईनला शंभर मीटरला दोन मीटरपेक्षा जास्त चढ शक्यतो देतच नाहीत, नाहीतर मालगाडी ओढली जात नाही, म्हणून डोंगरातसुद्धा लाईन वळसे घेत घेत चढते आणि त्याचा फायदा पुढे धापा टाकणाऱ्या आपल्यासारख्यांना आयता मिळतो. पण खालची गिट्टी सायकलच्या कामाची नाही. ती मुद्दाम मोठी आणि टोकदार असते, एकमेकांत अडकून स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) धरून ठेवायला आणि पाणी खाली जाऊ द्यायला. तिच्यावरून सायकल घातलीत तर दात वाजतील. ती काढा, नाहीतर रोलर फिरवून वर बारीक कच दाबून बसवा. कच स्वस्त पडते आणि पायाला बरी, पण मोठ्या पावसात तिच्यात चर पडतात, दर काही वर्षांनी परत पसरावी लागते. डांबर महाग, पण व्हीलचेअर आणि बारीक टायरवाल्यांना तेच लागतं, आणि कडेच्या झाडांच्या मुळांनी ते उचकटतं ते वेगळंच.

पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. गाड्या चालू असताना गँगमन वर्षानुवर्षं कडेचे चर आणि मोऱ्या साफ ठेवायचे. लाईन बंद झाली की ते बुजतात आणि कटिंगमधे, म्हणजे टेकडी कापून लाईन नेलेली असते तिथे, तळं होतं. मग कोणीतरी वरून मस्त गुळगुळीत रस्ता करतो आणि दोन पावसाळ्यांत तो खालून खचतो. मातीचंही बघावं लागतं, लाकडी स्लीपर क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल) लावलेले असतात, कोळशाची राख असते, तणनाशकं मारलेली असतात, त्यात पूर्वी आर्सेनिकवाली पण वापरायचे. म्हणून आधी तपासणी, आणि बऱ्याचदा ती माती उकरण्यापेक्षा वर जाड थर देऊन झाकलेली बरी.

आणि पूल तयार म्हणालात ना, रेल्वेच्या कितीतरी पुलांना तळच नसतो हो. स्लीपर, मधे फट, फटीतून खाली नदी. त्यावर नवीन फळ्या किंवा काँक्रीट आणि दोन्ही बाजूंना कठडा घालावाच लागतो. तेही पूल जागेवर असला तर, कारण लोखंडी पूल बरेचदा रुळांबरोबरच भंगारात गेलेले असतात.

पायपीट:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, मी चालणाऱ्यांपैकी. नांदतात, पण गर्दी होईपर्यंत. मागून सायकल येते तिचा आवाजच येत नाही, एकदम कानाशी घंटी वाजते आणि माणूस दचकून नेमका जिकडून घंटी आली तिकडेच सरकतो. सायकलवाल्याला वाटतं मुद्दाम आडवी आली. त्यात कुत्र्याची ती लांबणारी दोरी असते ना, कुत्रं या कडेला, मालक त्या कडेला आणि मधे गुडघ्याएवढ्या उंचीवर न दिसणारी दोरी. सायकलवालेही ती बघून कचकन ब्रेक मारतात आणि चिडून बघतात माझ्याकडे, जणू कुत्रं माझंच.

ब्रिस्टल ते बाथ हा इंग्लंडमधला फार जुना आणि गाजलेला रस्ता, साधारण २१ किमी, १९७९ ते १९८६ मधे बराचसा स्वयंसेवकांनी बांधला. तेव्हा तीन मीटर रुंदी भरपूर वाटली. आता ऑफिसच्या वेळेला तिथे इतक्या सायकली असतात की भांडणं ठरलेली. म्हणजे यशस्वी झाला म्हणून अडचण. तिकडच्या २०२० च्या सरकारी गाईडलाईनमधे तासाला ३०० च्या वर सायकली असतील तर साडेचार मीटर रुंदी सांगितलीये. एकेरी लाईनचा भराव तेवढा असला तर असतो, नाहीतर तो रुंद करा. मधे पांढरी रेघ मारून प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पाच मिनिटं तिथे उभं राहून बघावं, दोघी गप्पा मारत चालल्या की रेघ कुणाच्या बापाला दिसत नाही.

कागदपत्र_दाखवा:
सगळीकडे का होत नाही याचं उत्तर गिट्टीत नाहीये, जमिनीच्या कागदात आहे. पन्नास किलोमीटरच्या लाईनीत मधलं चारशे मीटर कोणी विकत घेऊन गोदाम बांधलं की तिथे सगळ्यांना हायवेवर उतरावं लागतं, आणि जिला मुलाला घेऊन सायकल चालवायचीये ती घरातूनच निघत नाही. ब्रिटनमधे हेच झालं. तोट्यातल्या लाईनी बंद करा असं सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग रिपोर्टनंतर हजारो मैल लाईनी बंद झाल्या आणि जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली, कोणाच्या शेतात, कोणाच्या परसात. आता तोच पट्टा परत जोडायचा तर एकेका मालकाच्या दारात जा.

अमेरिकेत १९१६ साली २,५४,००० मैल रेल्वे होती, पुढे ती आटत गेली. त्यांनी १९८३ मधे कायद्यात एक चांगली सोय केली, रेलबँकिंग. लाईन 'सोडली' असं धरायचंच नाही, पुढेमागे रेल्वे लागली तर पट्टा राखून ठेवलाय असं म्हणायचं आणि तोपर्यंत लोकांना चालू द्यायचं. शेजारचे जमीनमालक अर्थातच कोर्टात गेले, की आमच्या आजोबांनी जागा फक्त रेल्वेला दिली होती, सायकलींना नाही. १९९० मधे सुप्रीम कोर्टाने कायदा योग्य ठरवला, पण भरपाई मागायची वाट मोकळी ठेवली. २०१४ मधे वायोमिंगच्या एका केसमधे, जिथे रेलबँकिंग झालेलंच नव्हतं, तिथे मात्र निकाल मालकाच्या बाजूने लागला. म्हणजे कागद वेळेत केला तर रस्ता, नाहीतर कुंपण.

लोकोशेड:
मला एक कळत नाही, सायकल कशाला, गाडीच परत चालू करा ना! एकदा तिथे बाकडी आणि फुलझाडं आली की रेल्वे परत आणायला कोणी देणार नाही, सगळे बोर्ड घेऊन उभे राहतील.

कागदपत्र_दाखवा:
@लोकोशेड भीती खोटी नाही, लोक विरोध करतात. पण रस्ता नसता तर पट्टा तरी राहिला असता का? स्कॉटलंडमधे एडिनबरा ते ट्वीडबँक लाईन १९६९ मधे बंद झाली आणि २०१५ मधे परत सुरू झाली, मधल्या काळात जागेवर रस्ते आणि बांधकामं आली होती, ती निस्तरताना नाकी नऊ आले. सायकलवाल्यांना बाजूला सरकवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. आणि ब्रिस्टल-बाथच्या एका तुकड्यात तर रस्ता आणि हौशी लोकांची वाफेची गाडी शेजारी शेजारी आहेत.

चाकोरीबाहेर:
बापरे, एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. बोगद्यांचं काय? ते तरी फुकट मिळतात ना?

गिट्टीवाला:
मिळतात, पण आतल्या विटा आणि दगड तपासून घ्यायला लागतात आणि पाणी कायम टपकत असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनचा एलरॉय-स्पार्टा रस्ता बघा, १९६० च्या दशकातला, या प्रकारातला अगदी सुरुवातीचा. तीन बोगदे, सगळ्यात मोठा एक किमीच्या वर, आत दिवे नाहीत, टॉर्च लावून सायकल हातात धरून चालायचं. बाथमधे २०१३ ला उघडला तो बोगदा १,६७२ मीटर, तिथे दिवे आहेत, वर संगीतही लावलंय. दिवे लावायचे तर वटवाघळांचाही विचार करावा लागतो.

पायपीट:
जाता जाता फाटकांचं पण बघा कोणीतरी. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी आडवे-तिडवे पाईप लावतात, त्यात व्हीलचेअर अडकते, जुळ्यांची बाबागाडी अडकते, मागे टोपली लावलेली तीनचाकी अडकते. मोटरसायकलवाला बाजूच्या झुडपातून आत येतोच.