शब्दचर्चा : ‘मूळ’ आणि ‘अस्सल’, आणि जुन्या स्पोर्ट्स कारची नवी पिढी

प्रश्न : मोटारींविषयीच्या मराठी लेखनात एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : ‘नवी गाडी उत्तम आहे, पण ती अस्सल नाही.’ पोर्शे 911, आल्पीन ए110, टोयोटा सुप्रा अशा गाड्यांच्या नव्या पिढ्यांविषयी असे सर्रास म्हटले जाते. या वाक्यातील ‘अस्सल’चा अर्थ नेमका काय घ्यायचा? पहिली तीच अस्सल असा अर्थ असेल, तर नंतरची कोणतीच गाडी अस्सल ठरू शकत नाही आणि तक्रारीत काही दमच उरत नाही. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर : चालत नाहीत, आणि ते चालवल्यामुळेच हा गोंधळ झाला आहे. ‘मूळ’ संस्कृतातून आलेला आणि ‘अस्सल’ अरबी ‘अस्ल’वरून आलेला; दोहोंचा पहिला अर्थ एकच, झाडाचे मूळ. मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘मूळ’ हा शब्द काळाशी बांधलेला राहिला : मूळ मजकूर, मूळ रंग, मूळ मालक. ‘अस्सल’चे दोन उपयोग रूढ झाले. एक दफ्तरातला, ज्यात ‘अस्सल’ची जोडी ‘नक्कल’शी आहे, जुन्या कागदपत्रांत ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो, म्हणजे अस्सल कागदावरून शब्दशः उतरवून घेतलेली प्रत. दुसरा उपयोग गुणवाचक आहे. ‘अस्सल कलावंत’ म्हणताना तो जगातला पहिला कलावंत आहे असे कोणाच्याही मनात नसते. त्याच्या कलेत भेसळ नाही, ती वरवरची नाही, एवढेच म्हणायचे असते.

गाड्यांविषयी लिहिणारे अनेकदा गुणवाचक अर्थाने वाक्याला सुरुवात करतात आणि दफ्तरी अर्थाने निकाल देऊन मोकळे होतात. नवी गाडी जुन्या गाडीशी कलमवार ताडून पाहायची आणि जिथे फरक दिसेल तिथे ती नापास करायची, अशी ही रीत आहे. कागदाच्या नकलेला हा न्याय योग्य आहे. साठ वर्षे सलग घडत आलेल्या गाडीला तो लावणे मला साफ चुकीचे वाटते.

पोर्शे 911 चे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. ही गाडी 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘901’ या नावाने पहिल्यांदा लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीने हक्क सांगितल्यामुळे 1964 मध्ये ती ‘911’ झाली. म्हणजे ज्या नावाच्या अस्सलपणावर आज इतके वाद होतात, ते नावसुद्धा मूळ नाही. त्या गाडीचे सहा सिलिंडरचे, दोन लिटरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसाच्याही) मागे बसवलेले होते आणि त्याची ताकद 130 अश्वशक्ती होती. या मांडणीचा फायदा असा की इंजिनाचा भार मागच्या चाकांवर पडत असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती रस्ता घट्ट धरतात. तोटा असा की वेगात वळण घेत असताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर भार पुढे सरकतो, मागच्या टायरची पकड सैल होते आणि मागे लटकलेले ते वजन गाडीची शेपटी बाहेर फेकू पाहते. पोर्शेच्या अभियंत्यांची पुढची सगळी वर्षे हा दोष आवरण्यात गेली. 1969 च्या मॉडेलमध्ये त्यांनी पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 2211 मिलिमीटरवरून 2268 केले. 1989 च्या सुमाराच्या 964 पिढीत (911 च्या पिढ्या पोर्शेच्या अशा अंतर्गत क्रमांकांनी ओळखल्या जातात) धक्के पेलणारे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाणारे दांडे, जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्ती आली. 993 पिढीत मागचे सस्पेन्शन नव्याने रचले गेले. इंजिन पुढे किंवा मधे सरकवले असते तर ही सगळी यातायात वाचली असती, पण तसे करायचे नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकले होते.

यानंतर 1997 साली 996 ही पिढी आली आणि तिच्यात इंजिन पाण्याने थंड होऊ लागले. ‘आता ही अस्सल राहिली नाही’ हे वाक्य सर्वांत जोरात तेव्हा म्हटले गेले. हा बदल लहरीने झालेला नव्हता. धूर आणि आवाज यांविषयीचे नियम कडक होत चालले होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर सिलिंडरच्या डोक्याकडची उष्णता नुसत्या हवेने वाहून नेणे जिकिरीचे होते. इंजिनाची आडवी, समोरासमोर सिलिंडर असलेली रचना तशीच राहिली, त्याची जागाही तीच राहिली. जुन्या इंजिनाचा कोरडा, खडखडता आवाज मात्र गेला आणि त्याची हळहळ वाटणाऱ्यांविषयी मला पूर्ण आदर आहे, कारण त्यांचे काहीतरी खरोखरच हरवले आहे. तरीही जे हरवले ते ‘मूळ’ होते, असे म्हणणे अचूक ठरेल. ‘अस्सल’ हरवले असे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही. याच 996 चे हेडलाइट गोल नव्हते. इंडिकेटर पोटात घेऊन खाली ओघळल्यासारखे दिसणारे ते दिवे लोकांना अजिबात रुचले नाहीत आणि पुढच्या 997 पिढीत पुन्हा गोल दिवे आले. माझ्या मते दिव्यांचा वाद इंजिनाच्या वादापेक्षा कमी मोलाचा आहे. डोळ्याला पटकन दिसते म्हणून दिव्यांवर अधिक लिहिले गेले, इतकेच.

तेव्हा ‘अस्सल’ची कसोटी कोणती धरावी? मी ती अशी धरतो : मूळ कर्त्यांनी जाणूनबुजून जी अडचण पत्करली होती, ती नव्या कर्त्यांनीही पत्करली आहे काय. प्रत्येक नावाजलेल्या स्पोर्ट्स कारच्या मुळाशी अशी एखादी हट्टाने पत्करलेली अडचण असते. 911 मध्ये ती इंजिनाची जागा आहे. 1957 च्या लोटस सेव्हनमध्ये वजनाची टोकाची काटकसर आहे, आणि म्हणूनच 1973 पासून तीच गाडी बनवत आलेल्या केटरहॅमच्या गाडीवर लोटसचे नाव नसतानाही तिला अस्सल म्हणायला कोणी कचरत नाही. ती अडचण टाळून उरलेले रूप जसेच्या तसे ठेवले, तर ‘तशीच दिसणारी’ म्हणावे. ‘अस्सल’ हा शब्द राखून ठेवावा.

आल्पीन ए110 या कसोटीची चांगलीच परीक्षा घेते. साठच्या दशकातली ए110 फायबरग्लासच्या बॉडीची होती, तिचे इंजिन अगदी शेपटीत, मागच्या ॲक्सलच्या मागे होते, आणि 1973 ची उत्पादकांसाठीची पहिली जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा आल्पीनने तिच्याच जोरावर जिंकली. ती 1977 मध्ये बंद पडली आणि 2017 मध्ये त्याच नावाने नवी गाडी आली. मधे चाळीस वर्षांचा खंड होता. नव्या गाडीची चेसिस व बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे सरकले आहे. कलमवार ताडले तर जवळजवळ काहीच जुळत नाही. परंतु जुन्या ए110 चा हट्ट इंजिनाच्या जागेचा नव्हता. थोड्या ताकदीत, हलक्या अंगाने डोंगरी रस्ता कापायचा, हा तिचा हट्ट होता; आणि आजच्या सुरक्षा-नियमांत, वातानुकूलन वगैरे सगळे घेऊन, सुमारे 1100 किलोची गाडी बनवणे ही फार मोठी अडचण पत्करणे आहे. म्हणून तिला मी निःशंकपणे अस्सल म्हणतो. फ्रान्समधील दिएप येथील आल्पीनच्या जुन्याच कारखान्यात ती बनू लागली ही आनंदाची गोष्ट असली, तरी माझा निकाल त्यावर अवलंबून नाही.

सुप्राविषयी थोडक्यात. 2019 च्या सुप्राचे सहा सिलिंडरचे इंजिन बीएमडब्ल्यूचे आहे, तिचा सांगाडा बीएमडब्ल्यू झेड4 शी सामाईक आहे आणि ती ऑस्ट्रियात ग्राझ येथे तयार झाली. एका ओळीतले सहा सिलिंडर पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, ही सुप्राची जुनी मांडणी तिने सांभाळली हे खरे. पण आधीच्या सुप्राची कीर्ती प्रामुख्याने टोयोटाने स्वतः घडवलेल्या इंजिनाच्या दणकटपणावर उभी होती, आणि तेवढे कष्ट या वेळी घेतलेले नाहीत. गाडी चांगली आहे. तिला सुप्रा म्हणावे, ‘अस्सल सुप्रा’ म्हणताना मात्र माझी लेखणी अडखळते.

शंका : मग उलट बाजूचे काय? जॅग्वारने 2016 मध्ये एक्सकेएसएस या, डी-टाइप ह्या शर्यतीच्या गाडीवरून केलेल्या, जुन्या गाडीच्या नऊ नव्या प्रती जशाच्या तशा बनवण्याचे जाहीर केले. तिथे सर्व अडचणी पत्करल्या आहेत, एकही सोय केलेली नाही. त्या आपल्या कसोटीवर अस्सल ठरतात, पण त्यांना अस्सल म्हणवत नाही.

उत्तर : शंका रास्त आहे आणि तिच्यामुळे वरच्या कसोटीला एक पुरवणी जोडावी लागते. 12 फेब्रुवारी 1957 रोजी जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली आणि ठरलेल्या पंचवीसपैकी नऊ एक्सकेएसएस तिच्यात नष्ट झाल्या. साठ वर्षांनी त्याच कंपनीने, जुने आराखडे आणि शिल्लक गाड्यांची मापे यांच्या आधारे, मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी हाताने घडवून तेवढ्याच नऊ गाड्या पूर्ण करायला घेतल्या. 1963-64 च्या लाइटवेट ई-टाइपच्या ठरलेल्या अठरापैकी बाराच बनल्या होत्या; उरलेल्या सहा चेसिस क्रमांकांच्या गाड्याही कंपनीने 2014 मध्ये अशाच हाती घेतल्या. कारागिरी अव्वल, हक्क निर्विवाद. तरीही येथे दफ्तरी शब्दच चपखल बसतो : या ‘अस्सलबरहुकूम’ गाड्या आहेत. पन्नाशीच्या दशकातल्या अभियंत्यांना ती अडचण शर्यत जिंकण्यासाठी पत्करावी लागली होती. 2016 च्या कारागिरांना ती फक्त जुन्याशी जुळावे म्हणून पत्करायची होती. अडचण तीच असली तरी तिच्यातून नवे काही काढायचे नव्हते.

ग्रंथव्यवहारात ‘सुधारित आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असा भेद आपण सहज करतो, तोच येथे करावा. 911 च्या पिढ्या सुधारित आवृत्त्या आहेत, नव्या एक्सकेएसएस पुनर्मुद्रण आहेत. पुनर्मुद्रणात कमीपणा नाही, पण त्याला पहिली प्रत म्हणू नये.

आणि एकच गाडी बदलत गेली असेल तर? हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयासमोर 1990 मध्ये आला होता. 1929 आणि 1930 अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा सौदा झाला होता आणि ही ती गाडीच नव्हे, असे खरेदीदाराचे म्हणणे होते. म्हणण्यात तथ्य होते : शर्यतीगणिक भाग बदलत गेले होते, 1932 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावरील भीषण अपघातानंतर ती नव्याने बांधली गेली होती, आणि 1929 चे फार थोडे भाग तिच्यात उरले होते. न्यायाधीशांनी तरीही तिला खरी ‘ओल्ड नंबर वन’ ठरवले, कारण बदल टप्प्याटप्प्याने होत गेले, ती मोडीत निघून पुन्हा कोठून तरी उभी केली गेली असे कधी झाले नाही आणि तिची ओळख मधेच तुटली नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर ती ‘मूळ’ उरलेली नव्हती, पण ‘अस्सल’ होती. या निकालाइतका स्वच्छ वापर या दोन शब्दांतील भेदाचा मला अन्यत्र सापडलेला नाही.

शंका : 2024 मध्ये 911 च्या काही मॉडेलांत विजेची मोटर आली आणि डॅशबोर्डच्या मधोमध असणारा काट्याचा टॅकोमीटर जाऊन सगळा पडदाच आला. आता तरी?

उत्तर : मोटर इंजिनाला साथ देते, आणि इंजिन अजून शेपटीतच आहे, म्हणून निकाल बदलत नाही. टॅकोमीटरचे मला मनापासून वाईट वाटते. पाच गोल घड्याळांपैकी मधले सर्वांत मोठे, तेही इंजिनाचे फेरे दाखवणारे, ही चालकाला काय महत्त्वाचे आहे हे सांगणारी मांडणी होती, आणि ती सोडताना कोणतीही अडचण आड आलेली नव्हती. तिथे ‘सोय पाहिली’ असे सरळ म्हणावे.

शंका : नाम कसे करावे, ‘अस्सलता’ की ‘अस्सलपणा’? आणि ‘असली’ चालेल का?

उत्तर : ‘अस्सलपणा’. ‘ता’ हा प्रत्यय संस्कृत शब्दांना शोभतो, ‘अस्सल’ला तो जोडल्यावर शब्द ओढूनताणून बनवल्यासारखा वाटतो. ‘असली’ मात्र कटाक्षाने टाळावा. हिंदीत त्याचा अर्थ काहीही असो, मराठीत ‘असली’ म्हणजे ‘अशा प्रकारची’, आणि बहुधा नावे ठेवण्यासाठीच तो वापरला जातो. ‘असली 911 कोण घेणार’ या वाक्याचा मराठी वाचक सरळसरळ उलटा अर्थ घेईल.