‘मोयटी होल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: आईच्या वडिलांच्या, म्हणजे आजोबांच्या, गोव्यात बार्देशातल्या घराची वाटणी चालू आहे. वकिलाकडून आलेल्या यादीत आजी आणि माझे बाबा या दोघांच्या नावापुढे ‘मोयटी होल्डर’ लिहिलंय. भाषांतर करणाऱ्याने सरळ ‘वारस’ करून टाकलं. आजीचं समजू शकते, पण जावई कधीपासून वारस झाला? मामा तर भडकलाच आहे.

कणकवलीकर: मोयटी म्हणजे निम्मा भाग. ‘सहहिस्सेदार’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

बार्देसकर: सहहिस्सेदार चालणार नाही, कारण मामाही सहहिस्सेदारच. आणि ‘वारस’ तर साफ चूक. वारसाला मेलेल्या माणसाचं मिळतं. आजीची निम्मी मालकी आजोबा जिवंत असतानाच तिची होती, ते गेल्यामुळे तिला ती मिळालेली नाही.

पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता आमच्याकडे 1 जुलै 1870 पासून लागू झाली. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची सगळी मिळकत सामाईक. माहेरून आलेली, वडिलोपार्जित, सगळी. गोव्यात लग्नाची ‘पहिली सही’, ‘दुसरी सही’ असं बोलतात ना, त्या निबंधकापुढच्या सह्यांना वजन आहे ते यामुळे. तुमच्या आईबाबांचं लग्न गोव्यात नोंदवलेलं आहे का?

कोथरूडकर: हो, म्हापशाला. आईला धरून चार भावंडं. मृत्युपत्र नाही.

बार्देसकर: मग सोळा आण्यांचा हिशेब करा. आठ आणे आजीचे, ते वाटणीत येतच नाहीत. उरलेले आठ चौघांत, मुलगा-मुलगी भेद न करता, दोन-दोन आणे. आईच्या दोन आण्यांत बाबांचा एक. म्हणजे बाबा सासऱ्यांचे वारस नाहीत, पण बायकोच्या वाट्यात निम्मे मालक आहेत. म्हणून खरेदीखतावर जावयाची सही लागते आणि सुनेचीही. मामाला सांगा, मामीचं नाव त्याच यादीत शोध.

(मृत्युपत्र असतं तरी आजोबांना आपल्या आठांतले चारच आणे मनाप्रमाणे देता आले असते. बाकीचे चार मुलांचे, कायद्याने राखलेले. त्याला ‘लेजितिम’ म्हणतात.)

कणकवलीकर: माघार घेतो. पण पोर्तुगीज मूळ शब्द काय?

बार्देसकर: मेएइरो. बाईला मेएइरा. ‘मेइओ’ म्हणजे अर्धा, त्यावरून. गंमत अशी की पोर्तुगीजमध्ये निम्म्या पिकावर दुसऱ्याचं शेत करणाऱ्यालाही मेएइरोच म्हणतात.

कणकवलीकर: अहो, म्हणजे आमचा अर्धेलीवाला! आमच्याकडे अजून ‘अर्धेलीने शेत केलंय’ असंच बोलतात. मग बायकोला अर्धेलीण म्हणायला काय हरकत?

बार्देसकर: हरकत आहे. अर्धेलीवाल्याला पीक मिळतं, जमीन नाही. मेएइराची जमीनसुद्धा निम्मी. तरी तुमच्या शब्दात थोडं तथ्य निघतंच. त्या 1867 च्या संहितेत मालकी दोघांची असली तरी कारभार नवऱ्याचा होता. घर-जमीन विकायला मात्र बायकोची संमती लागायची. ‘गोव्यात बाईला निम्मं’ म्हणून कौतुक करणारे कारभाराचं वाक्य सोडून देतात, ते मला खटकतं.

कोथरूडकर: ‘अर्धांगिनी’ सुचलं होतं, पण बाबांना कसं लावणार?

कणकवलीकर: आणि त्यात अंग आहे, सातबारा नाही. माझे आजोबा आजीला ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे, तिच्या नावावर मात्र एक गुंठाही नव्हता.

बार्देसकर: मी ‘निम्मे मालक’ लिहितो, खाली एका ओळीत ‘विवाहामुळे’. बोजड वाटेल, पण कुणी वारस समजणार नाही. आणि त्या कागदावर ‘इन्व्हेंटरी’ असेल तर त्याचं ‘मालाची यादी’ करू देऊ नका. यादी करणं ही पहिली पायरी. गोव्यात इन्व्हेंटरी म्हणजे वाटणीचा अख्खा दावा. त्यात हिस्सेदार आपसात बोलीही लावतात, तिला लिसितासांव म्हणायचे. घर एकाने बोली लावून घेतलं आणि ते त्याच्या हिश्शापेक्षा जास्त भरलं, की वरची रक्कम बाकीच्यांना रोख. सख्खी भावंडं एका बाकावर बसून आईच्या स्वयंपाकघरावर बोली लावताना मी पाहिलीत. पाच-पाच हजारांनी वर चढत होती.

कोथरूडकर: ‘निम्मे मालक’ पाठवते. एक राहिलं. यादीत ‘भाट’ तीन आहेत, भाषांतरात ‘स्तुतिपाठक’ केलंय.

बार्देसकर: नारळाच्या बागा आहेत हो त्या. भाट ज्याचं तो भाटकार. आणि त्यात कुणी घर बांधून राहत असेल तर तो मुंडकार. त्याला 1975 च्या कायद्याचं संरक्षण आहे, तेवढं आधी विचारून घ्या.